वर-खाली होणारं टेबल: बरंच वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. मोटरवालं वर-खाली होणारं टेबल, ज्याला सगळे स्टँडिंग डेस्क म्हणतात, ती चांगली वस्तू आहे. घ्या, पण मेमरी बटणं (ठरवलेली उंची लक्षात ठेवणारी) असतील तरच घ्या आणि वजन उतरेल म्हणून तर मुळीच घेऊ नका. कामात फरक पडतो का, तर पडतो, पण कुठलं काम उभ्याने करायचं आणि कुठलं बसून हे एकदाचं ठरवून टाकलं तरच. ते ठरवलं नाही की टेबल हळूहळू एका उंचीला थिजतं आणि मग तुमच्याकडे उरतं एक साधं टेबल, फक्त जास्त जड आणि त्याला एक वायर. ब्रँड मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या सगळ्या टेबलांची रचना थोड्याफार फरकाने एकच असते आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या टेबलाला लागू आहे.

आधी वस्तूबद्दल बोलू. टेबलाचे दोन भाग असतात, खालची लोखंडी फ्रेम आणि वरची फळी, आणि बहुतेक लोक फळीचा रंग बघून टेबल घेतात. फळी नंतर कधीही बदलता येते हो, फ्रेम बघा. फ्रेममध्ये पहिला प्रश्न एक मोटर की दोन. एक मोटर असेल तर एका पायातून दुसऱ्या पायाकडे दांडा जातो आणि दोन्ही पाय त्यावर फिरतात, दोन मोटर असतील तर प्रत्येक पायाला आपली स्वतंत्र मोटर. एका मोटरवाली टेबलं साधारण सेकंदाला २.५ सेंटिमीटरच्या आसपास सरकतात, दोनवाली ३.५ ते ४. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण दिवसातून अनेकदा बटण दाबायचं असेल तर तो जाणवतो, कारण ज्या गोष्टीला वेळ लागतो ती माणूस टाळतो, आणि हे टेबल वर-खाली करणं टाळलं की संपलंच. वजनाचं म्हणाल तर एक मोटर ७०-८० किलो उचलते, दोन मोटर १०० च्या वर, तेव्हा दोन मॉनिटर आणि एक लॅपटॉप ठेवणाऱ्याने या आकड्याची काळजी करायचं कारण नाही.

काळजी करायची ती उंचीची, आणि तिथे सगळे उलटं बघतात. जाहिरातीत कायम जास्तीत जास्त उंची किती ते मोठ्या अक्षरात असतं, १२० सेंटिमीटर, १२५ सेंटिमीटर. पण कमीत कमी किती खाली येतं ते बघा. ज्या पायांना दोनच टप्पे (एकात एक सरकणारे भाग) असतात ते बऱ्याचदा ७० सेंटिमीटरच्या खाली येत नाहीत, त्यावर फळीची जाडी धरा, आणि उंचीने बेताच्या माणसाला खुर्चीत बसून कोपर टेबलाच्या पातळीला आणायचं तर ६२-६५ ला यावं लागतं. मग तो खांदे उचलून टाइप करतो, संध्याकाळी मान धरते, आणि दोष खुर्चीला. तीन टप्प्यांचे पाय असतील तर ते ६० च्या आसपास उतरतात. घ्यायच्या आधी घरच्या घरी खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीला टेकवा, कोपर काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. मग चपला किंवा बूट, जे घालून काम करणार ते घालून उभे राहा आणि परत मोजा. हे दोन आकडे कागदावर लिहून मगच दुकानात किंवा साइटवर जा, या दोन आकड्यांच्या बाहेरचं टेबल कितीही देखणं असलं तरी ते तुमचं नव्हे.

हलण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो, हो हलतं. खाली असताना दगडासारखं असतं, वर गेलं की पाय लांब झालेले असतात आणि जोरात टाइप करणाऱ्याचा मॉनिटर थरथरतो, त्यातून मॉनिटर आर्मवर, म्हणजे टेबलाला अडकवलेल्या दांड्यावर असेल तर अजून जास्त दिसतं कारण आर्मच्या टोकाला तो हेलकावा वाढतो. उंच माणसांना हा त्रास जास्त, साहजिक आहे. पायांच्या मध्ये आडवी पट्टी असलेली फ्रेम कडेच्या दिशेला कमी डुलते, पण ती पट्टी गुडघ्याला लागणार नाही ना ते बघा. आणि खाली गालिचा असेल तर पायाखालचे ते चार स्क्रू फिरवून टेबल समपातळीत आणा, निम्मी तक्रार तिथेच संपते, लोक ते स्क्रू बघतही नाहीत.

जोडणीबद्दल थोडक्यात. फ्रेमच ३० किलोच्या आसपास असते, एकट्याने करू नका. टेबल उलटं ठेवून जोडायचं असतं आणि मग सुलटं करताना दोघांनी फ्रेमला धरून उचलायचं, फळीला धरलं तर सगळं वजन त्या लाकडी भुशाच्या बोर्डातल्या स्क्रूंवर येतं आणि ते उपटून येतात. वायरींचा घोळ सोडवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डच फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवून टाकायचा, मग मॉनिटर, चार्जर, टेबलाची मोटर सगळं त्यात, आणि भिंतीकडे जाते फक्त एक वायर, तिला तेवढी ढील द्यायची. नाहीतर टेबल वर जाताना कुठलीतरी वायर ताणली जाते आणि प्लग निघतो, आणि तो नेमका मीटिंग चालू असतानाच निघतो.

आता आरोग्याचं, कारण विक्री सगळी त्याच्यावर चालते. बसून राहणं वाईट हे खरं, आणि हे आजचं नाही. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना करून दाखवली होती, दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त, डबल डेकरच्या जिन्यांवर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. पण नीट बघा, कंडक्टर नुसता उभा नव्हता, चालत होता, चढत होता. टेबल विकणारे हा तपशील गाळतात. नुसतं उभं राहिल्याने बसण्यापेक्षा मिनिटाला साधारण ०.१५ कॅलरी जास्त खर्च होते, २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हा आकडा आहे, म्हणजे ६५ किलोचा माणूस दिवसाचे ६ तास उभा राहिला तर ५४ कॅलरी. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आणि बसणं म्हणजे नवं धूम्रपान वगैरे जे म्हणतात ते तर सोडूनच द्या, जास्त बसण्याने अकाली मृत्यूचा धोका १०-२० टक्के वाढतो आणि सिगरेटने १८० टक्क्यांच्या आसपास, ही तुलनाच होऊ शकत नाही असं संशोधकांनीच लिहून ठेवलंय.

उलट बाजूही आहे. कॅनडात ओंटारिओमधल्या ७,००० पेक्षा जास्त कामगारांचा १२ वर्षं पाठपुरावा केला तर ज्यांची नोकरी मुख्यतः उभ्याने करायची होती त्यांच्यात हृदयविकार बसणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. ते सगळे नाइलाजाने उभे राहणारे लोक होते, बटण दाबून बसायची सोय नसलेले, त्यामुळे हे टेबलवाल्यांना जसंच्या तसं लागू नाही, पण पहिल्याच आठवड्यात उत्साहाने दिवसभर उभे राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी ऑफिसवाल्यांसाठी जो सल्ला दिला तो दिवसाला २ तासांपासून सुरुवात करून हळूहळू ४ तासांपर्यंत जा असा होता, आणि त्यात उभं राहणं आणि हलकी हालचाल दोन्ही धरलेलं आहे. तेव्हा टेबल घेतलं म्हणून चालायला जाणं बंद करू नका, एवढं बोलून आरोग्य संपवतो.

पाठीबद्दल मात्र माझा अनुभव चांगला आहे. दुपारनंतर कंबर जी अवघडायची ती आता कमी अवघडते. पण ते उभं राहण्यामुळे नसून अवस्था बदलत राहण्यामुळे आहे, एकाच जागी उभं राहिलो तरी तासाभराने तीच कंबर दुसऱ्या तऱ्हेने बोलायला लागते. पायाखाली ती जाड रबरी मॅट असते ना, ती घ्याच, आणि एक पाय टेकवायला छोटा स्टूल किंवा जाडसर पुस्तकांचा गठ्ठा, पाय आलटून पालटून ठेवता आला की उभं राहणं खूप सुसह्य होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते, म्हणजे कामाचं. (बसलो म्हणजे खरंच बसलोय, का ते पुढे येतंच.)

टेबल घेणारे जवळजवळ सगळे एकाच वाटेने जातात. पहिले काही दिवस मजा, सगळ्यांना वर-खाली करून दाखवणं, मग दिवसातून एकदा, मग आठवणीने कधीतरी, मग कायमचं खाली. हे मी माझ्या ओळखीच्या घरांमध्ये बघितलंय आणि अभ्यासांतही तेच दिसतं. २०१८ मध्ये कॉक्रेन या आरोग्यविषयक अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने या टेबलांवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले होते, त्यात सुरुवातीच्या ३ महिन्यांत लोकांचं कामावरचं बसणं दिवसाला साधारण १०० मिनिटांनी कमी झालं, आणि त्यानंतरच्या काळात बघितलं तर तो फरक तासाभराच्याही खाली आला. पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनीच म्हटलंय, पण दिशा ओळखीची आहे. टेबल सवय लावत नाही. टेबल फक्त सवयीच्या वाटेतला एक अडथळा काढून टाकतं.

मग सवय कशाने लागते. मी केलं ते असं की घड्याळाशी संबंधच ठेवला नाही. बऱ्याच टेबलांच्या बटणांच्या पॅनलमध्ये दर पाऊण तासाला पीप करणारं रिमाइंडर असतं, ते पहिल्या दिवशी बंद करा असं मी सांगेन. ते तुम्ही वाक्याच्या मध्यात असताना वाजतं, तुम्ही मनात म्हणता हे एवढं संपवतो आणि उठतो, आणि असं पुढे ढकलायची सवय मात्र छान लागते. टेबल मी कामाच्या जातीला बांधलं. निपटायची कामं उभ्याने, विचाराची कामं बसून. निपटायची म्हणजे मेल, मेसेजची उत्तरं, फोन, फॉर्म भरणं, कुणाच्यातरी फाइलवर दोन ओळींचा शेरा मारणं, बिलं, तारखा ठरवणं. ही कामं पसरतात, बसून मेल वाचायला लागलो की एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरी लिंक, आणि सकाळ जाते. उभ्याने माणूस जरा उतावळा असतो, पाय सांगत असतात की आटप आता, आणि या कामांना तोच उतावळेपणा हवा असतो. दोन ओळींत उत्तर देतो आणि पुढे जातो. लिहिणं, मोठा हिशोब, नवीन काही शिकणं, अडलेलं कोडं सोडवणं याला मात्र मला बूड टेकवूनच बसावं लागतं, तिथे उतावळेपणा आला की काम वरवरचं होतं.

तुमचं उलटं असू शकतं. काही लोकांना चालत-उभं राहूनच सुचतं. कुठलं काम कुठे याला माझा आग्रह नाही, पण एकदा ठरवलं की ते पाळायचं, रोज सकाळी नव्याने विचार करायचा नाही. मानसशास्त्रात पीटर गोल्विट्झर यांनी यावर पुष्कळ काम केलंय, १९९९ पासून त्यांचं म्हणणं गाजतंय, की मी जास्त व्यायाम करीन असा नुसता संकल्प फार टिकत नाही, पण अमुक झालं की तमुक करीन अशी ठरवलेली जोडी असेल तर माणूस ते करतो, कारण मग ऐनवेळी ठरवावं लागत नाही, समोरचा प्रसंगच आठवण करून देतो. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हाही परिणाम बऱ्यापैकी मोठा दिसला. माझी जोडी अशी आहे: मेल उघडायचा तर आधी दोन नंबरचं बटण, ज्यात उभ्याची उंची सेव्ह आहे. टेबल वर जाईपर्यंत मेल उघडत नाही. बस्स.

आणि इथे मेमरी बटणांचं महत्त्व येतं. ज्या टेबलांना नुसते वर आणि खाली असे दोन बाण असतात त्यात बटण दाबून धरून राहावं लागतं आणि उंची दरवेळी डोळ्याने ठरवावी लागते, थोडं वर, नाही थोडं खाली, हां आता ठीक. एवढ्याशा कटकटीनेही माणूस टाळतो. मेमरीवाल्यात एकदा उंची सेव्ह केली की एक टिचकी आणि हात मोकळे. काही पॅनलमध्ये सुरक्षिततेसाठी मेमरी बटणही दाबूनच धरावं लागतं, घेण्याआधी हे विचारून घ्या. मोटर थोडी कमी ताकदीची चालेल, फळी साधी चालेल, पण या बटणांवर तडजोड करू नका.

अजून एक गोष्ट, जी मला वापरताना सापडली आणि कुठल्याच जाहिरातीत नाही. बसायच्या उंचीवरून उभ्याच्या उंचीला जायला टेबलाला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. या वेळात टाइप करता येत नाही, माउस धरता येत नाही, नुसतं बघत राहायचं. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं. आता मी तेवढ्यात हातातल्या चिठ्ठीवर एक ओळ लिहितो, सोडून चाललेलं काम कुठे थांबलं आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामात अडकून राहतो आणि नवीन काम त्यामुळे कच्चं होतं, आणि २०१८ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्यासोबत पुढचं दाखवलं की जाण्याआधी परत आल्यावर काय करायचं याची छोटी नोंद केली तर हे अडकणं कमी होतं. ही नोंद करा असं नुसतं सांगितलं असतं तर मी कधीच केली नसती. टेबल सरकत असताना दुसरं काही करताच येत नाही म्हणून ती होते. त्या मोटरच्या घरघरीची मला आता फार किंमत वाटते, एक काम संपलं दुसरं सुरू झालं याची खूण म्हणून.

सवय लागायला किती दिवस, तर २१ दिवसांचं विसरा. तो आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या एका निरीक्षणातून आलाय, पेशंटला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात असं काहीतरी, त्यातलं किमान गळलं आणि २१ तेवढं जगभर फिरलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे एक दिवस सगळे मेल बसून वाचले तर दुसऱ्या दिवशी परत बटण दाबा, साखळी तुटली वगैरे काही नसतं. ॲपमध्ये सलग दिवसांचे आकडे मोजणारे लोक एक दिवस चुकला की आठवडाभर सोडून देतात ते बघून वाईट वाटतं.

उत्पादकता ४५ टक्क्यांनी वाढते असा एक आकडा ही टेबलं विकताना सर्रास वापरतात. तो टेक्सासमधल्या एका कॉल सेंटरच्या अभ्यासातला आहे, २०१६ चा, १६७ लोक, सहा महिने. अभ्यास खरा आहे, पण कॉल सेंटरमध्ये काम म्हणजे यशस्वी कॉल किती झाले ते मोजायचं, आणि फोनवर बोलणं हे उभ्याने चांगलं होतं हे तर मीही वर तेच म्हणतोय. तुम्ही दिवसभर फोनवर असाल तर टेबल तुमच्यासाठीच आहे. तुम्ही दिवसभर अनुवाद किंवा कोडिंग करत असाल तर त्या ४५ वर जाऊ नका.

आजूबाजूचं. टेबल आलं की बाकीची सगळी मांडणी उघडी पडते. पहिलं म्हणजे लॅपटॉप. नुसता लॅपटॉप टेबलावर ठेवून उभं राहिलात तर स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, हाताला बरोबर उंची दिली तर मान खाली, मानेला बरोबर दिली तर हात वर. बसून जो त्रास होता तोच उभ्याने होणार. म्हणून टेबलाच्या आधी वेगळा कीबोर्ड आणि लॅपटॉप उचलून धरणारा स्टँड किंवा मॉनिटर घ्या, तुटपुंजे पैसे असतील तर टेबल राहू द्या पण हे घ्या, हे मी अगदी मनापासून सांगतोय. स्क्रीनची वरची कड डोळ्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्याइतकं. गंमत म्हणजे मॉनिटर उभ्याने बरोबर वाटतो आणि बसल्यावर उंच वाटतो असं झालं तर मॉनिटर ठीक आहे, तुम्ही खुर्चीत घसरून बसताय.

दुसरं उजेड. टेबल वर गेलं की स्क्रीन पण वर जाते आणि बसलेलं असताना नसलेली चमक उभ्याने डोळ्यावर येते, खिडकी पाठीमागे असेल तर हमखास. खिडकी कडेला येईल असं टेबल फिरवा. ऑफिसच्या कामाला टेबलावर ५०० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड लागतो असं युरोपातलं मानक सांगतं, आणि घरातल्या बहुतेक खोल्या रात्री त्याच्या बऱ्याच खाली असतात, मोबाइलवरच्या ॲपने अंदाजे मोजून बघा. एक टेबल लॅम्प फळीलाच चिमट्याने अडकवलेला बरा, तो टेबलासोबत वर-खाली होतो.

तिसरं, या टेबलांना ड्रॉवर नसतो. खाली फ्रेम आणि मोटर असते म्हणून जागाच नाही. पहिल्यांदा वाटतं काय छान मोकळं दिसतंय, आणि मग पेन, चार्जर, पावत्या, फोन सगळं वर पसरतं. फोनचं विशेष सांगतो. टेक्सास विद्यापीठातल्या २०१७ च्या एका प्रयोगात फोन नुसता टेबलावर पालथा ठेवला तरी लोकांची कामगिरी फोन दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांपेक्षा कमी भरली होती, पुढे इतरांनी करून बघितलं तेव्हा निकाल तितके ठाम आले नाहीत. पण मला प्रयोगाची गरजच नाही, माझा हात आपोआप जातो. मी फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवतो, वाजला तर चालत जावं लागतं, आणि जावं लागत असल्यामुळे बऱ्याचदा जात नाही. ड्रॉवर हवाच असेल तर फळीखाली चिकटवायचे उथळ ट्रे मिळतात, पण ते लावताना खुर्चीचे हात मध्ये येतात का बघा.

त्यावरून आठवलं, खाली येताना टेबल खुर्चीच्या हातांवर आदळतं. अडथळा लागला की थांबून थोडं वर जाणारी यंत्रणा बहुतेकांत असते पण तिची संवेदनशीलता सारखी नसते, माझ्या टेबलाने खुर्चीच्या हातांवरचं रबर दाबून मगच माघार घेतली. लहान मुलं असतील तर लॉकची सोय असलेलं पॅनल बघा आणि ते लॉक लावून ठेवत जा.

उरलेल्या तक्रारी. वीज गेली की टेबल आहे तिथे अडकतं, उभ्याच्या उंचीला अडकलं तर मग उभेच राहा. कधीकधी दोन्ही पायांचा ताळमेळ जातो आणि पॅनलवर बिघाड दाखवणारा काहीतरी कोड येतो, तेव्हा घाबरू नका, बहुतेक टेबलांत खालचं बटण दाबून धरलं की ते अगदी तळाला जातं, थोडं वर उसळतं आणि परत नीट होतं, तुमच्या मॉडेलचं काय ते माहितीपत्रकात बघा आणि ते पत्रक टाकून देऊ नका. मोटर सलग चालवायची नसते, साधारण २ मिनिटं चालवली तर १८ मिनिटं विश्रांती असं त्यावर लिहिलेलं असतं, तेव्हा पाहुण्यांना दहा वेळा वर-खाली करून दाखवू नका. विक्रीनंतरच्या सेवेबद्दल माझा अनुभव मध्यम, पॅनल बिघडल्यावर फोन उचलायला वेळ लागला पण सुटा पॅनल शेवटी आला आणि तो बसवायला फक्त एक प्लग होता. सुटे भाग मिळतात का हे आधी विचारून ठेवा, मोटरवर पाच वर्षं आणि पॅनलवर एकच वर्ष वॉरंटी अशी विभागणी असू शकते आणि वरवर वाचताना ती दिसत नाही.

ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांनी आधी एक करून बघा. छातीच्या जरा खाली येईल असं एखादं कपाट, शेल्फ, काहीही शोधा, त्यावर लॅपटॉप ठेवून रोजचे मेल तिथेच उभ्याने करायचे, दुसरीकडे नाही. काही आठवडे हे टिकलं तर टेबल घ्या, तुम्ही ते वापराल. पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप परत पलंगावर आला तर मोटरही तुम्हाला उठवणार नाही, ते पैसे चांगल्या खुर्चीत घाला.

आणि सेकंडहँड मिळत असेल तर जरूर बघा, खूप लोक न वापरता विकतात त्यामुळे जवळजवळ कोरी टेबलं मिळतात. तिथे जाऊन टेबल तळापासून टोकापर्यंत एकदा पूर्ण चालवायला सांगा, दोन्ही पाय बरोबरीने जातायत ना ते फळीच्या मध्यावर पाण्याचा ग्लास ठेवून बघा, वर गेल्यावर कडेला धरून हलवून बघा, मेमरी बटणं सेव्ह होतायत का बघा, आणि खाली वाकून फळीचे स्क्रू एकदा बघा, भोकं फाटलेली असतील तर फळी फेकून फक्त फ्रेमचे पैसे द्या.